गोव्याच्या आकाशाचं प्लॅनिंग एकाच कॉम्प्युटरकडे द्यायचं की वाटून? माझं मत: वाटून

पर्वरीची_कोडवाली
सरळच लिहिते. कोण आधी उतरणार, कोण कुठल्या उंचीवर थांबणार, कुणी वळायचं, हे सगळं एकाच मोठ्या सिस्टिमकडे गोळा करायचा जो कल आहे तो मला चुकीचा वाटतो. हे काम अनेक कॉम्प्युटरांना वाटून द्यायला हवं, काही जमिनीवर, काही खुद्द विमानात, प्रत्येकाने आपल्या आसपासचं बघायचं आणि शेजाऱ्याशी बोलून प्लॅन ठरवायचा.

डोक्यात आलं ते गेल्या जुलैत. मुंबईहून येताना आमचं विमान समुद्रावर पाऊण तास घिरट्या घालत होतं, बाजूच्या आजी देवाचं नाव घेत होत्या आणि मी ढग बघत विचार करत होते की खाली आत्ता नेमकं कोण कुणाशी बोलतंय. पाऊस होता, कुणाची चूक होती असं म्हणत नाही. पण बघा ना, दाबोळी आणि मोपा सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. दाबोळी म्हणजे नौदलाचा तळ आयएनएस हंसा, तिथलं एटीसी, म्हणजे विमानांना वाट सांगणारं नियंत्रण, नौदलाकडे. मोपा ५ जानेवारी २०२३ ला सुरू झालं, तिथलं एटीसी एअरपोर्ट्स ऑथॉरिटीकडे. वर उत्तरेला सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ. आणि डोक्यावरून जाणारी सगळी विमानं मुंबईच्या एफआयआरमध्ये, म्हणजे मुंबईहून सांभाळल्या जाणाऱ्या हवाई हद्दीत. म्हणजे निर्णय घेणारे आधीच वाटलेले आहेत, फक्त त्यांचे कॉम्प्युटर एकमेकांशी वाटाघाट करत नाहीत, ती माणसांनी बोलून करायची.

गणित बघा. १० विमानं असतील तर तपासायच्या जोड्या ४५, ४० असतील तर ७८०. पण त्यातल्या बहुतेक जोड्यांचा एकमेकांशी काही संबंधच नसतो, पेडण्यावरच्या विमानाला काणकोणवरच्या विमानाचं काय करायचंय? प्रश्न मुळातच स्थानिक आहे तर उत्तर मध्यवर्ती कशाला? हा विचार नवा पण नाही. अमेरिकेत रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेच्या लोकांनी १९८० च्या आसपास नेमकं यावरच काम केलं होतं, प्रत्येक विमान म्हणजे एक स्वतंत्र प्लॅनर, त्याला फक्त जवळचं दिसतं, टक्कर होईल असं दिसलं की त्या घोळक्यातली विमानं मिळून एकाला निवडतात, तो आपला मार्ग बदलतो आणि बाकीचे आपला प्लॅन हलवत नाहीत. निवडायचं कसं याचेही प्रकार त्यांनी करून बघितले, ठरलेल्या नियमाने, किंवा ज्याला हलायला जास्त जागा आहे तो, किंवा ज्याला आजूबाजूची जास्त माहिती आहे तो. मला हे फार आवडतं कारण यात सगळ्यांनी एकदम हलून नवा गोंधळ होत नाही.

आणि एकाच जागी सगळं ठेवल्यावर काय होतं ते २८ ऑगस्ट २०२३ ला ब्रिटनने बघितलंय. एका फ्लाइट प्लॅनमध्ये मार्गावरचे एकाच नावाचे दोन पॉइंट आले, डीव्हीएल, एक फ्रान्समधलं दोव्हिल आणि एक अमेरिकेतलं डेव्हिल्स लेक, तिथल्या एटीसीच्या सॉफ्टवेअरला उलगडा झाला नाही आणि ते बंद पडलं. मग बॅकअप उठला, त्याच्यात तोच प्रोग्राम, त्याने तोच प्लॅन वाचला आणि तोही बंद. सात लाखांहून जास्त प्रवासी अडकले. एका ओळीमुळे!

निवृत्त_रडारवाला
बाय, तू मनापासून लिहिलंयस म्हणून मीही मनापासून उत्तर देतो. तीसेक वर्षं हेडसेट लावून काढली, गोव्यात नव्हे, दुसरीकडे, आता इथे साखळीला असतो.

तुझ्या सगळ्या मांडणीत एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे रनवे. आकाश वाटता येतं, रनवे वाटता येत नाही. हवेत दोन विमानांचा प्रश्न स्थानिक असेल पण दोघांना जर दाबोळीच्या त्याच पट्टीवर उतरायचंय तर एक दीवच्या बाजूने येऊ दे आणि दुसरं मंगळूरच्या, त्यांचा संबंध आहे म्हणजे आहे. शंभर मैलांवर असतानाच एकाला हळू करायचं असतं. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो म्हणून विमानं पूर्वेकडून घाटाच्या अंगाने येऊन उतरतात, त्यावेळी एकाला जरा वळवलं की मागची पाच हलतात. आम्ही याला पिक्चर म्हणतो, पिक्चर डोक्यात असणं. ज्याच्याकडे अख्खं पिक्चर नाही तो जो निर्णय घेईल तो त्याच्यापुरता बरोबर आणि तिसऱ्यासाठी घातक असू शकतो.

दुसरं, तू धरून चाललीयेस की सगळी विमानं बोलणारी आहेत. दाबोळीवरून मिग उडतात, हेलिकॉप्टरं उडतात, डॉर्निअर विमानं उडतात. लढाऊ विमान आपला पुढचा प्लॅन तुझ्या बॉक्सला सांगणार आहे का? नाही सांगणार, आणि सांगूही नये.

तिसरं उबरलिंगेन. १ जुलै २००२ ची रात्र, जर्मनी-स्वित्झर्लंडच्या हद्दीवर. रशियन टुपोलेव्ह विमानाला टीकॅस, म्हणजे टक्कर टाळायला विमानातच बसवलेला बॉक्स, म्हणत होता वर जा, झुरिकचा कंट्रोलर म्हणत होता खाली जा. वैमानिकाने कंट्रोलरचं ऐकलं. समोरच्या बोइंगने आपल्या टीकॅसचं ऐकलं, तेही खाली. ७१ माणसं गेली, त्यात किती शाळकरी पोरं होती. एका आकाशात दोन प्लॅनर असले आणि कुणाचं ऐकायचं हे पक्कं नसलं की असं होतं. तुझ्या पद्धतीत तर दोन नाहीत, वीस असतील.

चोडण_फेरीधक्का
मी कॉम्प्युटरवाला नाही, पाण्यावरचा माणूस आहे, बार्जवर बरीच वर्षं काढली. मला मूळ पोस्ट पटली. मांडवीत खनिजाच्या बार्जी जोरात होत्या तेव्हा फेरीबोटी आडव्या, बार्जी उभ्या, मध्येच कुणाची होडी, आणि प्रत्येक वळणावर वरून सांगणारा कुणी नव्हता, पण नियम होते. समुद्रावरही तेच, १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, आडवं येणारं जहाज ज्याला आपल्या उजव्या अंगाला दिसतं त्याने बाजूला व्हायचं आणि दुसऱ्याने आपला मार्ग न बदलता चालत राहायचं. आता ही ताई जे सांगतेय की एकाने बदलायचं आणि बाकीच्यांनी हलायचं नाही, ते हेच तर आहे! जगभरची जहाजं भर समुद्रात अशीच चालतात. सगळं एकाच माणसाने सांगितल्याशिवाय होत नाही हे मला मान्य नाही, नियम सगळ्यांना तोंडपाठ असला की पुरतो.

निवृत्त_रडारवाला
भाऊ, बार्ज इंजिन बंद करून उभी राहते, विमान राहत नाही. आणि समोरासमोर येणारी दोन जेट सेकंदाला जवळजवळ अर्धा किलोमीटर अंतर खातात. तुमच्याकडे विचार करायला वीस मिनिटं असतात, आमच्याकडे वीस सेकंदं. आणि बंदराच्या तोंडाशी आलात की तुम्हालाही पोर्ट कंट्रोलला विचारावंच लागतं ना, मुरगावला कुणी आपल्या मनाने घुसतं का?

चोडण_फेरीधक्का
बंदराच्या तोंडाशी विचारावं लागतं, बरोबर. बाहेर नाही लागत. माझा मुद्दा तोच.

फर्मागुडीचा_मास्तर
मी डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम, म्हणजे अनेक कॉम्प्युटरांनी मिळून काम कसं करायचं ते, शिकवतो आणि तरीही माझं मत विरोधात आहे, किंबहुना शिकवतो म्हणूनच. १९८५ ला फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी सिद्ध केलंय की निरोप किती वेळात पोचेल याची हमीच नसेल आणि एक जरी कॉम्प्युटर बंद पडू शकत असेल तर ठरलेल्या पायऱ्यांचा असा कुठलाच प्रोटोकॉल नाही जो सगळ्यांचं एकमत नक्की घडवून आणेल. यात हुशारी कमी पडते असं नाही, ते होऊच शकत नाही. आणि हे नुसतं बंद पडण्याबद्दल झालं. एखादा कॉम्प्युटर चुकीचं बोलायला लागला तर? लॅम्पोर्ट वगैरेंनी १९८२ ला दाखवलं की एक खोटं बोलणारा सांभाळायला एकूण चार तरी लागतात, तिघांत भागत नाही.

खोटं कोण बोलेल म्हणाल तर जीपीएस स्पूफिंग बघा, म्हणजे खोटे सिग्नल पाठवून जीपीएसला फसवणं. एडीएस-बी म्हणजे विमानाने स्वतःच आपली जागा ओरडून सांगायची. जीपीएस फसवलं गेलं तर विमान अगदी प्रामाणिकपणे चुकीची जागा सांगेल आणि शेजारी त्यावर प्लॅन बांधतील. जमिनीवरचा रडार स्वतः मोजतो, तो कुणाच्या सांगण्यावर विसंबत नाही. विमानातल्या छोट्या प्लॅनरकडे असा स्वतंत्र डोळा कुठून आणणार?

पर्वरीची_कोडवाली
सर, १९८५ चा निकाल मान्य, पण तो वेळेची काहीच हमी नाही असं धरून आहे आणि फक्त एवढंच सांगतो की एकमत नक्की होईल असं म्हणता येणार नाही. मग डिझाइन असं करायचं की एकमत झालं नाही तरी कुणी मरणार नाही. म्हणजे प्रत्येक विमानाकडे आत्ता जो मान्य झालेला प्लॅन आहे तो शेवटपर्यंत सुरक्षित असलाच पाहिजे, त्याचं शेवटचं टोक एखाद्या राखीव होल्डिंगमध्ये, म्हणजे घिरट्या घालत थांबायच्या ठरलेल्या जागी, जात असलं पाहिजे, आणि नवीन प्लॅनला सगळ्यांची हो आल्याशिवाय जुना सोडायचाच नाही. निरोप हरवला, कुणी गप्प बसलं, तरी जुना चालू. वेळ वाया जाईल, इंधन जाईल, टक्कर होणार नाही.

आणि एकमत सेकंदात होत नाही म्हणता तर टीकॅस काय आहे? दोन विमानातले दोन बॉक्स, मध्ये कुणी नाही, एक म्हणतो मी वर जातो, दुसरा म्हणतो मग मी खाली, आणि दोघांनी एकदमच तीच दिशा निवडली तर प्रत्येक विमानाचा ठरलेला चोवीस बिटांचा पत्ता, म्हणजे ओळख क्रमांक, बघून एकाने माघार घ्यायची. टक्कर व्हायच्या १५ ते ३५ सेकंद आधी हे सगळं उरकतं. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानं भिडली, ३४९ लोक गेले, तेव्हा एकाही विमानात हा बॉक्स नव्हता, त्यानंतर आपल्याकडे तो सक्तीचा झाला.

काका, उबरलिंगेनबद्दल. त्या रात्री झुरिकला एकच कंट्रोलर दोन स्क्रीन सांभाळत होता, टक्कर सांगणारी यंत्रणा कामासाठी अर्धवट बंद, मुख्य फोन लाइन बंद. शेजारच्या कार्ल्सरूहेच्या जर्मन एटीसी केंद्रातल्या लोकांना स्क्रीनवर दिसत होतं, ते फोन लावत होते, लागत नव्हता. म्हणजे केंद्राला दिसलं नाही आणि शेजाऱ्याला दिसूनही सांगता आलं नाही. दोन बॉक्स तर बरोबर बोलत होते! हे मी माझ्या बाजूचं उदाहरण मानते.

वास्को_सडा
मला गणित कळत नाही पण एक आठवण आहे ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्याच २००२ सालची, १ ऑक्टोबर. आमच्या दाबोळीवर नौदलाची दोन आयएल-३८ विमानं एकमेकांवर आदळली, आतली बाराच्या बारा माणसं गेली, खालीही लोक गेले. मी तेव्हा कॉलेजला, सगळं वास्को बाहेर आलं होतं. दोन्हीकडे निष्णात वैमानिक, रोज उडणारे. एकमेकांना बघून अंतर ठेवा म्हणणं मला तरी भीतीदायक वाटतं. तिसरा डोळा पाहिजेच.

पर्वरीची_कोडवाली
दादा, तुमची भावना कळते आणि त्यावर वाद घालायचा नाही. एवढंच सांगते की ती दोन्ही मुद्दाम अगदी जवळून एकत्र उडत होती, समारंभासाठी. मी जे म्हणतेय त्यात अंतर डोळ्याने ठेवायचं नाही, तीन किंवा पाच नॉटिकल मैलांचा नियम आहे तसाच राहील.

पेडणे_टॅक्सी
एक विचारू काय? आमच्या लाइनीला एक वही असते, नंबर लिहायचा, नंबराप्रमाणे भाडं. एकदा दोन वह्या झाल्या, दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे लिहिलेल्या, तरी भांडण झालंच. लाइन एक तर वही एक. म्हणून रनवेचं काका म्हणतात ते मला बरोबर वाटतं. पण गाडी लाइनीतून सुटल्यावर धारगळपर्यंत कशी जायची हे वहीवाल्याने का सांगावं?

पर्वरीची_कोडवाली
हे मला मान्य करावंच लागेल. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये रनवेची रांग मी विमानांच्या आपसातल्या बोलण्यावर सोडली होती, ती चूक होती. प्रत्येक रनवेची वही एकच, त्या रनवेच्या टॉवरकडे. दाबोळीची दाबोळीकडे, मोपाची मोपाकडे. आणि काही तास आधीचं, म्हणजे दिल्लीतल्या फ्लो मॅनेजमेंट सेंटरने निघायच्या वेळा वाटून द्यायच्या, तेही मध्यवर्ती असू दे, त्याला अख्ख्या देशाचं चित्र लागतंच. मी बोलतेय मधल्या वीस-पंचवीस मिनिटांबद्दल. तिथे दोन वह्यांनी आपसात बोलावं, माझं विमान तुझ्या हद्दीतून नऊ हजार फुटांवर जाईल, तुझं हेलिकॉप्टर पाच मिनिटं थांबेल का, नाही थांबणार, बरं मग मी दहा मैल बाहेरून नेतो. आणि नौदलाने कारण सांगायची गरज नाही. ही जागा या वेळात माझी, एवढंच सांगितलं तरी वाटाघाट चालते. काका, सगळा प्लॅन उघड न करता काम होणं हे वाटून देण्यातच जमतं, एका केंद्राला मात्र सगळं सांगावं लागेल.

निवृत्त_रडारवाला
हा शेवटचा मुद्दा मात्र चांगला आहे, याचा मी विचार केला नव्हता.

पण माझा उपाय वेगळा आहे आणि साधा आहे. गोव्यासाठी एक खोली. नौदलाचा कंट्रोलर आणि सिव्हिलचा कंट्रोलर शेजारी शेजारी, एकच कॉम्प्युटर, एकच पिक्चर. पडद्यावर न दिसणारं शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतं. तो खुर्चीत पुढे सरकला की मला कळतं की त्याच्याकडे काहीतरी शिजतंय, हे कुठला प्रोटोकॉल पाठवणार? आणि सिस्टिम बसली तर माणसं असतात. दिल्लीला नोव्हेंबर २०२५ मध्ये फ्लाइट प्लॅनचे निरोप पोचवणारी मेसेज स्विचिंग सिस्टिम बंद पडली, शेकडो विमानं लेट झाली, पण फ्लाइट प्लॅन हाताने करून पोरांनी गाडा ओढलाच ना. मला त्यांचा अभिमान वाटतो.

पर्वरीची_कोडवाली
अभिमान मलाही वाटतो. पण त्या पोरांवर ती वेळ का आली? एका जागी सगळं होतं म्हणून. तुमची एक खोली म्हणजे गोव्याचं डीव्हीएल होईल.

फर्मागुडीचा_मास्तर
इथे दोघांनाही थांबवतो. ब्रिटनमध्ये केंद्र होतं म्हणून बिघडलं असं नाही, बॅकअप जुळा भाऊ होता म्हणून बिघडलं. एअरबस ए३२० मध्ये विमान वळवणारे कॉम्प्युटर दोन वेगळ्या जातीचे आहेत, वेगळा प्रोसेसर, वेगळ्या टीमने लिहिलेलं सॉफ्टवेअर, म्हणजे एकाची चूक दुसऱ्यात असायची शक्यता कमी. केंद्रातही असं करता येतं. आणि उलट, ताईने शंभर विमानांत शंभर प्लॅनर बसवले पण सगळ्यांत एकाच कंपनीचा एकच प्रोग्राम असेल तर ती एक ओळ शंभर ठिकाणी एकदम फुटेल. कॉम्प्युटर वाटले म्हणजे धोका वाटला असं होत नाही. या मुद्द्यावर उत्तर पाहिजे.

म्हापसा_कोर्टरोड
मी वकिली करतो त्यामुळे माझा प्रश्न वेगळा. उबरलिंगेननंतर २००७ साली स्विस कोर्टाने त्या एटीसी कंपनीच्या चार जणांना दोषी धरलं, एक माणूस रात्री दोन स्क्रीनवर एकटा का ठेवला म्हणून. ते शक्य झालं कारण आकाशाचा तो तुकडा कुणाच्या ताब्यात होता हे स्पष्ट होतं. चार कंपन्यांच्या चार बॉक्सनी मिळून ठरवलेल्या प्लॅनमध्ये माणसं मेली तर मी नोटीस कुणाला पाठवू? ताई म्हणतील सगळं रेकॉर्ड होईल. रेकॉर्डवरून काय घडलं ते कळेल, पण ते थांबवणं कुणाचं कर्तव्य होतं ते रेकॉर्ड सांगत नाही. ते आधीच लिहून ठेवावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या बाईला मी प्रोटोकॉल दाखवू शकत नाही.

पर्वरीची_कोडवाली
मास्तरांना उत्तर: खरं आहे, मी संख्या मोजली आणि वेगळेपण मोजलं नाही. दाबोळी आणि मोपाच्या वह्या वेगवेगळ्या टीमनी लिहिलेल्या हव्यात, मध्ये फक्त निरोपाची भाषा सारखी. दोन टॉवरांत हे जमेल, शंभर विमानांत जमणार नाही, म्हणून विमानातल्या प्लॅनरचा आग्रह मी आत्तापुरता सोडते. तिथे टीकॅस आहे तेवढं पुरे.

वकीलदादांना: प्रत्येक तुकड्याला प्रत्येक मिनिटाला एकच मालक, आणि मालकी बदलली की दोन्ही टॉवरवरच्या ड्युटीवरच्या माणसाने बटण दाबून घेतली म्हणायची. बॉक्सनी सुचवायचं, घ्यायचं माणसाने. मग नोटीस कुणाला पाठवायची ते नावासकट सापडेल.

काका, तुमच्या खोलीला मात्र माझा विरोध कायम आहे.

म्हापसा_कोर्टरोड
बटण दाबायला माणसाला किती सेकंद मिळणार हे आधी सांगा. वाचायलाही वेळ नाही आणि सही त्याची, असं असेल तर तो बळीचा बकरा होईल, मालक नाही.

निवृत्त_रडारवाला
वकीलसाहेब अगदी मर्मावर बोट ठेवलंत.

बाय, असं करू. तू तुझ्या दोन वह्या कॉम्प्युटरवर बनव, खेळण्यातल्या बनव. विमानं मी देतो. जुलैची संध्याकाळ, वारा पश्चिमेचा, ढग खाली. मोपाला सात येणार, दाबोळीला पाच, त्यातल्या एकाचं इंधन कमी पण तो ते उशिरा सांगणार. नौदलाचं एक हेलिकॉप्टर समुद्रावरून परत येतंय, त्याला सरळ वाट पाहिजे. एकाचा रेडिओ जाणार. बटण दाबायला मी बसतो एका बाजूला आणि मास्तर दुसऱ्या बाजूला. आणि मध्येच केव्हातरी तुझ्या दोन टॉवरांमधली लाइन कापायची, कधी ते सांगणार नाही.

पर्वरीची_कोडवाली
चालेल काका. लाइन कापल्यावर दोन्ही बाजू जुना मान्य प्लॅन धरून राहतील, राखीव होल्डिंग मोपाचं उत्तरेला आणि दाबोळीचं दक्षिणेला, मध्ये पट्टा रिकामा. हेलिकॉप्टरला तोच पट्टा देईन. कमी इंधनवाल्याचं अजून उत्तर नाही माझ्याकडे, कारण त्याला होल्डिंगमध्ये पाठवणं सुरक्षित नाही आणि माझा सगळा डोलारा होल्डिंगवर उभा आहे. दोन आठवडे द्या.

फर्मागुडीचा_मास्तर
तो कमी इंधनवालाच खरा प्रश्न आहे. लॅबची चावी माझ्याकडे असते, शनिवारी दुपारनंतर या.